शेवटच्या कडव्यातलं नाव

मसाजी लिंबाजी जोंधळे, मूळचे राणीसावरगावकडचे, राहणार परभणी, रेल्वे रुळापलीकडची वस्ती, काम गाणी रचणं आणि बेस गिटार वाजवणं, यांच्यावर अन्याय झाला. तो १९७६ साली, अक्षय्य तृतीयेच्या भर दुपारी, पाथरीतल्या एका लग्नाच्या मांडवात झाला. आणखी नेमकं सांगायचं तर एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच झाला.

आम्ही पत्रक लिहितो तेव्हा वर कोण, कधी, कुठं हे लिहितो आणि खाली मागणी लिहितो. मधल्या भागाला कागद पुरत नाही. मागणी मी आजही खाली लिहिणार आहे. पण या उन्हाळ्यात तो मधला भाग मला सोडायला तयार नाही.

लगीनसराई पुन्हा सुरू झाली आहे. दुपारी रस्त्यावर चप्पल टाकली की डांबर तिला धरून ठेवतं. एसटीच्या टपावर वऱ्हाडाच्या ट्रंका, खिडक्यांतून बाहेर आलेल्या हिरव्या बांगड्यांचे हात, मांडवावर वाळत चाललेल्या जांभळाच्या डहाळ्या, पळसाच्या पत्रावळींवर सांडलेल्या कढीचा आंबूस वास. आणि कडुनिंबाच्या झाडांवर बांधलेले कर्णे. परभणीत या दोन महिन्यांत कडुनिंबाला पानं कमी आणि कर्णे जास्त असतात. परवा रुळाच्या शहराकडच्या बाजूला कुणाचं तरी लग्न होतं. हळदीची, मानपानाची सगळी गाणी वाजून झाली आणि मग ती रेकॉर्ड लागली. तीच. मी धुणं वाळत घालत होते. हात तसाच वर राहिला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. शेवटचं सुरू झालं. तिसरी ओळ आली, ते दुसरंच नाव वाजलं, आणि मी आमच्या गल्लीतून येणाऱ्या हाकेची वाट पाहिली.

हाक आली नाही. येणार कुठून? हाक मारणारी धुरपतामाय गेल्या पौषात वारली.

धुरपतामाय ही मसाजींची आई. आमच्या समोरच्या घरात ती दोघं राहायची. मसाजींना मी मसादादा म्हणते. वडील शिक्षक म्हणून मला वस्तीत सगळे 'गुरुजीची पोरगी' म्हणत. मसादादा मला 'पत्रकवाली' म्हणायचा.

आधी लिंबाजीबाबाचं सांगते. मसादादाचे वडील. ते मी पाहिलेले नाहीत, पण त्यांची हलगी मी इतक्यांदा ऐकली आहे, म्हणजे तिच्याविषयी, की ती मला वाजवता येईल असं वाटतं. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात. ऊब लागली की कातडं ताणतं, मग ती बोलायला लागते. गावात कुणाचं लगीन असो, मयत असो, पाटलाचा बैल हरवलेला असो, लिंबाजीबाबानं हलगी शेकायची आणि पुढं चालायचं. त्याबद्दल शिळी भाकरी. छप्पन्न साली आपल्या लोकांनी धर्म बदलला. त्यानंतर पाटलाकडं लगीन निघालं आणि वाड्यावरून बोलावणं आलं. लिंबाजीबाबानं हलगी घेतली, चुलीसमोर बसला, जाळावर धरली. नेहमीसारखी. फक्त या खेपेला हात मागं घेतला नाही. कातडं ताणलं, काळं पडलं, फाटलं. धुरपतामाय सांगायची, "म्यां म्हन्लं, आवो, जळायलीय! तर म्हनतो, जळू दे. शेकून शेकून लय दमली ती."

त्या घरात वाढलेला मुलगा पुढं वाजवायलाच गेला, हे ऐकून आमच्या चळवळीतली काही माणसं नाक मुरडायची. बाप वाजवणं सोडतो आणि लेक पुन्हा बाजा गळ्यात घालतो? त्यांना मसादादाचं उत्तर एवढंच असे: "बापानं हुकमाचं वाजिवनं सोडलं. सूर सोडा, असं कुनी सांगितलं नव्हतं."

मिसरूड फुटायच्या सुमारास तो काचीगुड्याच्या गाडीत बसला आणि सिकंदराबादला उतरला. तिथं छावणीजवळच्या एका क्लबात पेले विसळायचं काम धरलं. क्लबात इंग्रजी गाणी वाजत. लांब केसांची चार पोरं विजेच्या गिटारींवर कानठळ्या बसवत आणि साहेबलोक नाचत. सगळ्यांत मागं, अंधाऱ्या कोपऱ्यात, एक म्हातारा अँग्लो-इंडियन विल्सनसाब बेस वाजवायचा. बेस म्हणजे गिटारीचाच थोरला भाऊ. लांब दांड्याचा, जाड तारांचा. त्यातून गाण्याची चाल निघत नाही, घुमारा निघतो. तो कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. मसादादा पेले सोडून त्या कोपऱ्याकडं बघत राहायचा. एक दिवस विल्सनसाब म्हणाला, "मियाँ, मेरी उंगलियाँ नक्को देख. नाचनेवालों के पाँव देख. हम पाँव बजाते."

एवढ्यावर त्याचं शिक्षण झालं. वर्षभरात तो विल्सनसाबच्या शेजारी उभा राहून वाजवायला लागला आणि पुढं त्याच्या जागी. विल्सनसाब मुलांकडं परदेशी गेला तेव्हा आपला बेस मसादादाच्या हातात देऊन गेला. त्याच चार लांब केसांच्या पोरांबरोबर मसादादानं छावणीतले किती तरी क्लब हलवले. त्याचा एक फोटो होता त्या काळातला: मानेवर रुळणारे केस, फुलाफुलांचा शर्ट, खाली मान. सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. हा नाचणाऱ्यांच्या पायांकडं.

मी त्याला विचारलं होतं की तू एवढा मागं का उभा राहतोस. तो म्हणाला, "गाडी चालली की बैलाची घुंगरं ऐकू येत्यात. चाकाचा आख ऐकू येतो का? आख करकरायला लागला म्हंजे समज, गाडी बसली."

मग दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याच्यावर सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय, मी फक्त आवाजाचं लिहिते. लिंबाजीबाबा तोवर गेलेले. धुरपतामाय एकटी गंगाखेड रस्त्यावर खडी फोडायला जायची. गावाकडचा कुणी सिकंदराबादला गेला आणि त्यानं मसादादाला सांगितलं, तुझ्या मायच्या हाताची सालं निघाली. तो दुसऱ्या दिवशी निघाला. अंगावर फुलाफुलांचा शर्ट, खांद्यावर बारदानात गुंडाळलेला बेस. मायला न्यायला आला होता. माय म्हणाली, "माजी हजेरी लागल्याली हाय. म्या कुटं येत न्हाई." मग तोच राहिला आणि तिच्या शेजारी बसून हातोडा धरला.

पण त्याआधी एक झालं. बारदान सोडलं, बेस बाहेर आला. बाया-माणसं जमली. कुणीतरी गंगाखेडच्या तंबूतल्या सिनेमात गिटार पाहिली होती. त्यानं खुंट्या मोजल्या आणि जाहीर केलं: "गिटारीला सा तारा असत्यात. ह्याला चारच हायत." धुरपतामायचा चेहरा उतरला. "मसा, खरं सांग. दोन तारा इकून खाल्ल्यास?"

"न्हाई गं माय. हे असंच असतं."

"असंच कसं आसंल? सायबानं तुला मोडकं देऊन फसिवलं."

तिला पटलंच नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी ती कामावर गेली नाही. हजेरी बुडवून परभणीला गेली, पेट्या-तबले विकणाऱ्याच्या दुकानात उभी राहिली आणि 'माज्या लेकाच्या बाज्याला कमी पडल्याल्या दोन तारा' घेऊन आली. सतारीच्या होत्या, केसासारख्या बारीक. पदराच्या गाठीत बांधून आणल्या. बेसला त्यांचा उपयोग शून्य. लोक हसले. मसादादा हसला नाही. त्यानं त्या बोटाभोवती गुंडाळल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. पुढं शर्ट बदलले, तारा खिशातून खिशात जात राहिल्या.

आता खडीचा आवाज. शंभर बाया ओळीनं बसून दगड फोडतात तेव्हा सुरुवातीला नुसता कालवा असतो. ऊन चढतं, बोलणी थांबतात, आणि मग कुणी न सांगता हातोडे एकत्र पडायला लागतात. दोन जड, एक हलका. मग एक श्वास. पुन्हा दोन जड, एक हलका. तो एकमेकींना दिलेला आधार असतो. एकीचा हात थांबला तर बाजूचीचा ताल तिला उचलून घेतो. मसादादानं तो ठेका उचलला आणि सायंकाळी झोपडीसमोर बसून बेसवर वाजवला. वीज नव्हती, आवाज वाढवायची पेटी नव्हती, नुसत्या तारा. बाया भाकरी थापताना थांबल्या. त्यांचे पाय आपोआप हलायला लागले. चाल आधी आली, बोल मागनं आले:

हातोडा माजा, दगड सरकारी,
भूक माजी गं, ऊन सरकारी,
रस्ता कुठं गं जातो बाई,
रस्ता कुठं जातो?

दुष्काळ हटल्यावर मायलेक परभणीला आमच्या वस्तीत आले. मसादादा एका ऑर्केस्ट्रात लागला. त्या ऑर्केस्ट्राचं नाव मी लिहिणार नाही, मालकाचंही नाही. भिऊन नाही. ज्यानं दुसऱ्याचं नाव खाल्लं, त्याचं नाव माझ्या लेखणीनं फुकट का छापावं?

मालक स्वतः गायचा. गळा चांगला होता, ते नाकारत नाही. पांढरे बूट घालायचा आणि दर गाण्याला दस्तीनं घाम पुसायचा. सुरुवातीला तो मसादादाला म्हणाला, "तुझा तो खांब कशाला पायजे? कुनाला ऐकूच येत न्हाई." मसादादानं एका कार्यक्रमात वाजवून दाखवलं. लोक खुर्च्यांवरून उठले, कशामुळं उठलो हे त्यांना कळलं नाही. मालकाला कळलं. मग जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, मुलीच्या बापानं मांडव ठरवला की पाठोपाठ ऑर्केस्ट्रा ठरवायचा, आणि त्यात मसादादाचं हे गाणं, 'खडी', पाहिजेच. भूक माजी, ऊन सरकारी, या ओळीवर टेरिलिनच्या प्यांटी घातलेले नवरदेवाचे मित्र नाचायचे. मला संताप यायचा. मसादादाला मी म्हटलं, तुझ्या मायच्या हाताची सालं ही, आणि हे त्यावर नाचतायत! तो म्हणाला, "नाचू दे. पाय तर खडीवर पडायलेत ना?"

त्याची अट एकच. शेवटचं कडवं गाळायचं नाही.

हे नीट समजून घ्या. आपल्याकडं शाहीर, जलसेवाले, भजनी, सगळे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालतात. गाणं कुठंही जावो, कुणीही म्हणो, शेवटी त्याचं नाव तोंडातून निघतंच. ज्यांना सही करायला कुणी कागद दिला नाही त्यांनी गाण्यात सही केली. मसादादानं सिकंदराबादच्या क्लबात इतकी वर्षं काढली, तिथं असलं काही नव्हतं. पण स्वतःचं गाणं रचल्यावर त्यानं बापजाद्यांसारखी खाली सही केली:

रस्ता झाला काळा गुळगुळीत,
मोटार गेली हारन वाजवीत,
मसाजी जोंधळे इचारतो उभा,
माज्या गावाला फाटा कुठं?

नाव सहा अक्षरांचं. 'मसाजी'वर दोन जड, 'जोंधळे'वर एक हलका, मग श्वास. नाव त्या ठेक्यात असं बसलेलं होतं की उपटायला गेलात तर खिळ्याबरोबर भिंतच निघून येईल.

त्या अक्षय्य तृतीयेला मी पाथरीच्या मांडवात होते, कारण नवरी माझी वर्गमैत्रीण होती. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ऊन असं की मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली सांडत होतं. ऑर्केस्ट्राच्या मंचाजवळ दोन मोठे पंखे. नवरीचे काका, गावचे पाटील, मालकाला बाजूला घेऊन काही बोलले. मालक परत आला, दस्तीनं घाम पुसला आणि 'खडी' सुरू केली. पोरं नाचायला लागली. शेवटचं कडवं आलं. रस्ता झाला काळा गुळगुळीत. मोटार गेली हारन वाजवीत. आणि मालकानं तिथं स्वतःचं नाव घातलं. नऊ अक्षरं कोंबली, ती मावेनात, घाईघाईनं चावून गिळल्यासारखी म्हटली.

मसादादानं तारांवरचा हात उचलला.

काय झालं ते कुणाला कळलं नाही. पेटी वाजत होती, काँगो वाजत होता, पण नाचणाऱ्या पोरांचे पाय एकमेकांत अडकले. काँगोवाला चुकला. कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली का रे?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "कुटं? फॅन तर फिरायलाय."

मग सगळ्यांनी मंचाकडं पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मागं उभा असलेला माणूस दिसला.

मालक मायक्रोफोनमध्येच हसला. "वाजिव की मसाजी."

"नाव घ्या. वाजिवतो."

"कुनाचं?"

"लिवनाऱ्याचं."

पाटील उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. मोठ्या माणसांना चढवावा लागत नाही. "सकाळी ह्या मांडवात गणपतीचं नाव घेतलं, कुळदैवताचं घेतलं. त्या पंगतीत तुझं नाव बसवू काय?"

"पंगतीला बसवा म्हन्लो न्हाई, पाटील. गाण्यात हाय, गाण्यात ऱ्हाऊ द्या."

मागं कुणीतरी हसलं. तेच नडलं असं मला वाटतं. पाटलांचा चेहरा बदलला. "तुझा बाप हलगी वाजवायचा ना रे? आमच्याच पाव्हण्यांच्या गावात. तो नाव सांगायचा काय स्वतःचं?"

"न्हाई सांगायचा," मसादादा म्हणाला. "म्हनून तर जाळली त्यानं."

"आसं? मग हेबी जाळू."

दोघा-तिघांनी बेस ओढून घेतला. वायर ताणली, तुटली, बेसच्या आवाजाची पेटी मंचावरून खाली आली. मांडवामागं आचाऱ्याचं चुलाण होतं, लांब खणलेलं, संध्याकाळच्या बुंदीसाठी पेटवलेलं. त्यात टाकला. पॉलिश पेटलं तेव्हा ज्वाळा हिरवट झाली. मग तारा तुटायला लागल्या. एकेक. जाड तार तुटताना जो घुमारा निघाला तो मांडवातल्या प्रत्येकानं ऐकला. एवढ्या वर्षांत ज्यांना बेस ऐकू आला नव्हता, त्यांनी तो तेव्हा ऐकला. आचारी म्हणाला, "आवो, बुंदीला वास लागंल!" तेवढाच एक निषेध झाला त्या दिवशी.

मी? मी बायकांमधून ओरडत पुढं आले, दोन बायकांनी दंड धरला. नवरीनं मान खाली घातली होती. लग्नाचा फोटो तिच्या घरी भिंतीवर आहे म्हणतात. त्यात मागं धूर दिसतो.

ठाण्यात आम्ही तिघं गेलो, मसादादा, धुरपतामाय आणि मी. हवालदारानं विचारलं, काय जळालं? गिटार. म्हणजे बाजा? हो, बेस गिटार. तारा किती होत्या? मसादादा म्हणाला, चार. हवालदारानं पेन खाली ठेवलं. "गिटारीला सहा असतात. आम्हालाबी कळतं थोडं. म्हंजे आधीच मोडका होता."

तक्रार तिथंच संपली. बाहेर आल्यावर मसादादा हसला. तसलं हसू मी पुन्हा पाहिलेलं नाही. म्हणाला, "मायसारखीच चूक केली गं त्यानं. मायला निदान तारा आणाव्या वाटल्या."

मी पत्रक लिहिलं. आणीबाणीचे दिवस होते. छापखानेवाल्यानं मजकूर वाचला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "बाई, लग्नपत्रिका छापायची आसंल तर सांग." तो कागद मी कशालाही वापरला नाही. आज हा लेख त्याच्या जागी आहे.

पुढच्या वर्षी मालकानं 'खडी'ची रेकॉर्ड काढली. वर लिहिलं: गीत, संगीत, गायन, तिन्हीपुढं स्वतःचं नाव. बेसच्या जागी ढोल बडवलाय. शेवटच्या कडव्यात नऊ अक्षरं अजून तशीच लंगडतात. लंगडा ठेका हा चोरीचा पुरावा आहे, पण तो कुठल्या कोर्टात वाजवून दाखवायचा?

मसादादा जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या तुसानं दिवसभर खोकतो. हिवाळाभर यंत्राच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही, ते बरं असतं. पण कापूस संपतो, जिनिंग बंद पडतं, तो घरी बसतो आणि नेमकी तेव्हाच लगीनसराई येते. शहराच्या बाजूचे कर्णे रुळावरून थेट त्याच्या दाराकडं तोंड करून असतात. पहिल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड लागली की तो शेवटच्या कडव्याआधी उठायचा आणि बादली घेऊन नळावर जायचा. नळाला पाणी नसलं तरी.

धुरपतामाय मात्र बाहेर यायची. हातात भाकरीचं पीठ, डोक्यावर पदर. शेवटचं कडवं, तिसरी ओळ. कर्ण्यातून मालकाचं नाव निघायच्या आत ती गल्लीच्या मध्ये उभी राहून ओरडायची, "मसाजी जोंधळे!" ठेक्यात. दोन जड, एक हलका. जिनं तो ठेका हातोड्यानं पाडला होता तिचा कसा चुकेल? कर्ण्यातल्या त्या नऊ अक्षरांना वस्तीत पाऊल टाकू दिलं नाही तिनं. गल्लीतली माणसं आधी हसली. "माय, कर्ण्याला ऐकू येतंय का?" ती म्हणायची, "कर्ण्याला न्हाई सांगत. नळावर गेलाय त्याला सांगायलेय."

एकदा मी पाहिलं. तो रिकामी बादली घेऊन नळापाशी उभा होता. तिची हाक आली तेव्हा त्याचा उजव्या हाताचा अंगठा बादलीच्या कडीवर पडला. दोनदा जोरात, एकदा हळू.

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगाव काय पेटलं ते मी इथं लिहीत नाही, ते वेगळं लिहिलं आहे. आमच्याच माणसांनी मला विचारलं, घरं जळाली, माणसं जळाली, आणि तू एका गिटारीचं काय घेऊन बसलीस? विचारणं चूक नाही. मी एवढंच म्हणते की त्या आगीच्या मुळाशीही एक नावच होतं. विद्यापीठाच्या पाटीवर कुणाचं नाव चढावं, एवढंच. आमचं राबणं यांना चालतं, आमच्या ठेक्यावर नाचणं चालतं. शेवटी नाव आलं की जाळ लागतो. पाथरीचं चुलाण लहान होतं म्हणून ती आग वेगळी होती असं मला वाटत नाही.

पौषात धुरपतामाय गेली. थंडीनं. माती सावडून आलो तेव्हा मसादादानं खिशातून त्या दोन तारा काढल्या. चार जळाल्या, कमी पडलेल्या दोन राहिल्या. त्यानं त्या आढ्याला बांधल्या आणि कंदील त्यांना टांगला. वारा आला की कंदील हलतो आणि तारा किणकिणतात. तो त्याकडं बघत नाही.

परवा रेकॉर्ड लागली तेव्हा तो नळावर गेला नाही. दारातच बसून राहिला. शेवटचं कडवं आलं, तिसरी ओळ आली. त्यानं मान थोडी वर केली. मायची हाक यायची ती जागा रिकामी गेली, आणि तिथं कर्ण्यातलं ते नाव सरळ चालत वस्तीत आलं. मी धुण्याजवळ होते. माझा आवाज निघेपर्यंत ओळ संपून गेली होती. एकीचं काम नाही ते. शंभर हातोडे लागतात.

म्हणून आता मागणी.

तुम्ही हे वाचताय म्हणजे या सराईत कुठल्या ना कुठल्या मांडवात बसणार आहात. अत्तर लावाल, सुपारी तोंडात टाकाल, आणि पोरं 'खडी' लावा म्हणून ओरडतील. तुम्हाला ते गाणं पाठ आहे, नाही म्हणू नका. तुमचा पाय हलेल, हलू द्या. पण मोटार हारन वाजवीत गेली की सुपारी थुंका आणि उभे राहा. पाटील बघत असतील, बघू द्या. रेकॉर्डनं तोंड उघडायच्या आत तुम्ही नाव घ्या. मसाजी जोंधळे. सहा अक्षरं आहेत, दोन जड, एक हलका. रुळापलीकडं एक माणूस दारात बसलेला आहे. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घ्या.